पहिल्या घाण्याचा पेढा

"त्याचं तोंड बंद करा आधी!" मी म्हणाले.

डॉक्टर शेजवलकर खुर्चीतून अर्धवट उठले. आयसीयूत सहा पेशंट, सगळे एक तर बेशुद्ध, नाहीतर झोपेच्या औषधाखाली. मी नक्की कोणाच्या तोंडाबद्दल बोलतेय हे त्यांना कळेना.

"कोणाचं, सिस्टर?"

"त्या तुमच्या डबीचं. मघापासून कुईकुई लावलीय. डोकं उठलंय माझं."

डबी तीन नंबरच्या खाटेला टांगलेली होती. तीन नंबरला आप्पा. महालिंग उपळावीकर, वय बासष्ट, साताऱ्यात पेढ्यांचं दुकान, वीस वर्षांचा जुना मधुमेह आणि आता दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटरवर. त्यांच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली होती. तिच्यातून केसासारखी बारीक सुई कातडीखाली गेलेली. ती चकती दर पाच मिनिटांनी अंगातली साखर मोजायची आणि आकडा त्या डबीवर उमटायचा. सत्तरच्या खाली आकडा गेला की डबी ओरडायची. कंपनीनं पंधरा दिवस वापरून बघायला म्हणून दिली होती. शेजवलकर सरांना ती इतकी आवडली होती की पेशंटच्या आधी डबीची विचारपूस व्हायची.

"अडुसष्ट दाखवतेय, सिस्टर."

"आणि माझं बोट दोनशे चौऱ्याण्णव दाखवतंय."

माझं बोट म्हणजे आप्पांचंच बोट, पण मी टोचलेलं. दर दोन तासांनी पेशंटचं बोट स्पिरिटनं पुसायचं, टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रात आकडा बघायचा, ही आमची पद्धत. सव्वीस वर्षं मी तेच करत होते. मी, विमल अवघडे, आयसीयूची इनचार्ज सिस्टर. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेलीत, मी रिटायर होऊन नातवंडांना दम देत बसते. पण तेव्हा माझा दम मोठ्या डॉक्टरांनाही असायचा.

"दोन्हीतलं एक खोटं आहे," सर म्हणाले.

"एक म्हणजे कोणतं ते मला माहितीय."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमच्या भांडणाचं गांभीर्य कळायचं नाही. अशा पेशंटची साखर एकशेचाळीस ते एकशेऐंशीच्या मध्ये ठेवायची असते. वर गेली तर जंतूंचं फावतं, म्हणून आम्ही पंपातून शिरेत इन्सुलिन सोडतो. पण वर गेलेली एक वेळ परवडली. खाली गेली तर मेंदू उपाशी मरतो. जाग्या माणसाची साखर उतरली तर तो थरथरतो, घामाघूम होतो, "काहीतरी गोड द्या हो" म्हणतो. भुलीतला माणूस काहीच म्हणत नाही. तो छान झोपलेला दिसतो, आणि आतल्या आत सगळं आटोपत असतं. नंतर भूल उतरवली की मगच कळतं, माणूस शिल्लक आहे की नुसतं शरीर.

"लॅबला पाठवू या रक्त," सर म्हणाले.

पाठवलं. लॅबला आमच्याकडे कधी घाई नसायची. दोन तासांनी रिपोर्ट आला, शहाण्णव.

"बघा!" सर म्हणाले.

"काय बघा? रक्त बाटलीत पडून राहिलं की त्यातली साखर उतरते. मला पहिल्या वर्षाला शिकवलंय."

"दोनशेनं उतरते?"

"सर, ही आपली लॅब आहे. मागच्या आठवड्यात ह्यांनी एका आजोबांना गरोदर ठरवलं होतं."

आजोबांचा रिपोर्ट त्यांनीच वाचला होता. मी तक्त्याप्रमाणे इन्सुलिन वाढवलं, आणि कपाटातली चिकटपट्टी काढून त्या डबीच्या आवाजाच्या भोकावर चांगली दुहेरी लावली. मग ती दारामागे कोंडलेल्या मांजरासारखी बारीक कुरकुरत राहिली. आम्हाला कामं होती.

पण माझंही मन खात होतं. कारण मी आकड्यांचा कागद परत परत बघत होते. रात्री आणि सकाळी माझं बोट आणि ती डबी अगदी सख्ख्या बहिणी. पाच-दहाचा फरक. आणि सकाळी अकरानंतर बोटाची साखर एकदम अडीचशे-तीनशे. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. पहाटे अंग पुसून काढलेला, नळीतून मोजून दूध-पाणी दिलेला माणूस अकरा वाजता गोड कुठून खातो?

आणि अकरा ही आमच्याकडे नातेवाइकांच्या भेटीची वेळ होती. एकाच माणसानं यायचं, गाऊन-टोपी घालून, पंधरा मिनिटं.

चोर सापडला, मी मनात म्हणाले.

आप्पांना भेटायला त्यांची बायको यायची, निलावतीकाकू. ठेंगणी, गोरी, कपाळावर विभूतीची आडवी बोटं, बोलणं खणखणीत. रोज जाताना स्टाफसाठी पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवून जायची. पेढे असे, की तोंडात टाकला तर माणसानं ड्युटी विसरावी. मी रोज दोन खायची. शेजवलकर सर चार. आणि हीच बाई नवऱ्याच्या नाकातल्या नळीतून पेढा कालवलेलं दूध सोडत असणार, याबद्दल माझी खात्री पटली. असले प्रकार मी पाहिले होते. एका बाईनं व्हेंटिलेटरवरच्या सासऱ्याला खिमा भरवायचा प्रयत्न केला होता. का, तर म्हणे त्यांचा जीव त्यात अडकला असेल.

शनिवारी संकष्टी होती. अकराला काकू आल्या, तेव्हा मी दारातच उभी.

"पर्स दाखवा."

"का वो बाई?"

"दाखवा म्हणते ना."

पर्समध्ये चष्मा, रुमाल, गुडघ्याचं मलम. हातात पेढ्यांचा खोका, तो मी काढून टेबलावर ठेवला. दुधाची बाटली नाही, डबा नाही.

"काकू, स्पष्ट विचारते. आप्पांच्या तोंडात नाहीतर नळीत काही घालता का?"

काकू ताठ झाल्या. "बाई, लिंगाची शपथ घेऊन सांगते. पाण्याचा थेंब न्हाई घातला. वीस वर्सं ह्यांची साखर मी सांभाळली. पेढ्याच्या दुकानात बसून ह्या माणसानं वीस वर्सं पेढा खाल्ला न्हाई, ते कुणामुळं?"

आवाजात खोट नव्हती. तरी मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले, नळीवर डोळा ठेवून. काकूंनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. आप्पांचा डावा हात सलाइननं सुजून उशीवर ठेवलेला, म्हणून त्या उजवीकडे बसल्या. त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, त्यावर पदर ओढला, डोळे मिटले आणि ओठांत काहीतरी पुटपुटायला लागल्या.

मी पाठ फिरवली. नवराबायको हातात हात घेऊन बसलेत, आणि मी काय त्यांच्याकडे टक लावून बघायचं? मला माझ्या संशयाचीच लाज वाटली. घरी माझ्या नवऱ्यानं शेवटचा हात कधी धरला होता ते आठवायला लागले, आणि आठवेना, तेव्हा जास्तच लांब जाऊन उभी राहिले.

सव्वाअकराला काकू गेल्या. बाराला मी आप्पांचं बोट पुसलं, टोचलं, पट्टी लावली.

तीनशे शहाऐंशी.

डबीवर चौऱ्याहत्तर.

शेजवलकर सर खाली कॅज्युअल्टीत होते, एसटीचा अपघात आला होता. मी विचारायला म्हणून फोन उचलला. आणि ठेवून दिला. विचारायचं काय त्यात? सर डबीचीच बाजू घेणार. भिंतीवर मोठ्या सरांच्या सहीचा तक्ता होता, तीनशे पन्नासच्या वर दहा युनिट इन्सुलिन शिरेतून आणि पंपाचा वेग वाढवायचा. मी दहा युनिट दिलं. पंप वाढवला. तक्त्यावर वेळ लिहिली, सही केली. आजही ती सही मला डोळ्यांपुढं दिसते, चांगली ठसठशीत.

मग चार नंबरचं ड्रेसिंग, एक नंबरचं सक्शन. डबी चिकटपट्टीखाली कुरकुरत होती, मी तिकडे पाहिलं नाही. आप्पांच्या खाटेजवळून जाताना दिसलं, कपाळ घामानं डबडबलंय.

"सावित्रा मावशी," मी हाक मारली, "एसी बघ गं, बंद पडला काय. आणि आप्पांचं तोंड पूस."

मावशी पोछा टाकून आल्या. फडकं घेतलं आणि तशाच उभ्या.

"शिष्टर, हितं मुंग्या."

"काय?"

"मुंग्या. ह्यांच्या हाताला."

माझा पारा चढला. आयसीयूत मुंग्या! "तुला दहा वेळा सांगितलं मावशी, खोका उघडा टाकू नको! खायचं तिकडं खायचं, हात धुवायचे—"

"अवो मला कशाला वरडताय? बघा तरी!"

मी पाहिलं. खाटेच्या कठड्यावरून तांबड्या मुंग्यांची एक बारीक रांग. चादरीवरून शिस्तीत चाललेली. सलाइनला नाही, नळीला नाही, दुधाच्या पिशवीला नाही. सरळ आप्पांच्या उजव्या हाताला. तेही सगळ्या हाताला नाही. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट. तिथं त्यांची जत्रा भरलेली.

मी हात उचलला, मुंग्या झटकल्या, आणि बोटं नाकाशी नेली.

वेलदोडा.

मी मधल्या बोटाला टोचलं होतं. स्पिरिटचा एक फटका मारून पुसलं होतं, आणि स्पिरिटनं काय पाक निघतो? थेंब रक्ताचा होता, पण तीनशे शहाऐंशी साखर पेढ्याची होती.

"मावशी, साबण! पाणी! पळ!"

बोटं साबणानं धुतली, कोरडी केली, दुसऱ्याच बोटाला टोचलं. यंत्राला आकडा दाखवायला पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांत मी सव्वीस वर्षांत ऐकलेले सगळे देव आठवले.

एकोणचाळीस.

डबीवर पाहिलं. एक्केचाळीस.

पंप बंद केला. ग्लुकोजच्या मोठ्या सिरिंज भरल्या, एक, दोन, तीन, चार, एकामागून एक शिरेत दिल्या. सुई चुकली नाही. मग मी त्या डबीची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. ती जोरात ओरडली. ओरड बाई, म्हटलं, ओरड. साठ झाले. नव्वद झाले. एकशे तीसला ती गप्प बसली, आणि मी कॅज्युअल्टीला फोन लावला.

शेजवलकर सर धावत वर आले तेव्हा मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी डबीचं बटण दाबून मागचे आकडे काढले.

"पन्नासच्या खाली पस्तीस मिनिटं होती," ते हळूच म्हणाले.

"मेंदूला काही...?"

"सांगता येत नाही. भूल उतरवल्याशिवाय कळणार नाही."

निलावतीकाकूंना बाहेरच्या बाकावरून बोलावलं. त्या अजून गेल्या नव्हत्या, दुकानातल्या माणसाची, बसूची, वाट बघत होत्या.

"काकू," सर म्हणाले, "आप्पांच्या हाताला पेढा कसा लागला?"

"लावला म्हणून लागला," काकू म्हणाल्या, जणू पावसात भिजायला कसं झालं असं कोणी विचारलंय.

"का पण?"

"पहिला घाणा मालकाचा हात लागल्याबिगर विकत न्हाईत आमच्यात. सासऱ्यांपासनं चालत आलंय. पहाटे कढई उतरली की पहिला पेढा मालकानं हातात घ्यायचा, चिमटीत दाबायचा. मग तो कुस्करून बाकीच्या मालात मिसळायचा, की समद्याला हात लागला. आजारी असू दे, सुतक असू दे, चाळीस वर्सांत एक दिवस चुकला न्हाई. आता हे हितं. मग मीच घेऊन येते पदराला बांधून. ह्यांच्या चिमटीत धरते, दाबते, आणि माघारी धाडते माणसाबरोबर. तोंडाला लावला न्हाई, खोटं न्हाई बोलले मी."

खोटं नव्हत्याच बोलल्या. मी तोंडाचं विचारलं होतं. हाताचं कुठं विचारलं?

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "आयसीयूतल्या, न्यूमोनियाच्या पेशंटनं चिमटीत धरलेला पेढा तुम्ही परत नेऊन सगळ्या मालात मिसळता?"

"व्हय."

"आणि तो माल विकता?"

"विकतो की. आणि तुम्हाला खोक्यातनं देतो त्यो आदल्या दिवसाचा, त्यातलाच."

सरांच्या हातात खोक्यातला अर्धा पेढा होता. उरलेला अर्धा तोंडात. त्यांनी चघळणं थांबवलं. गिळावा की काय करावं, हे कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नसतं. सावित्रा मावशींनी तोंडावर पदर घेतला आणि बाहेर पळाल्या. मी तीन दिवसांचे सहा पेढे मोजले.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण काकू आमच्या तोंडांकडे बघता बघता पांढऱ्या पडत गेल्या होत्या.

"काय झालंय? माझ्या पेढ्यानं काय झालं ह्यांना?"

सरांनी समजावून सांगितलं. बोटावरची साखर, खोटा आकडा, इन्सुलिन. काकू खाली बसल्या. फरशीवरच.

"म्हंजे मीच मारत हुते व्हय ह्यांना? माझ्या हातानं?"

सरांपुढं घटनेची नोंद करायचा फॉर्म होता, आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहायला सुरुवात केली होती, 'नातेवाइकांनी नियमबाह्य रीतीने'. खरं तर तेवढ्यावर भागलं असतं. मोठ्या सरांनाही ते पटलं असतं. गाव हसलं असतं, पेढेवालीच्या अंधश्रद्धेनं नवरा गेला म्हणून. माझं नाव कुठंच आलं नसतं.

मी काकूंच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले.

"काकू, तुमचा पेढा त्यांच्या बोटाला होता, पोटात नव्हता. त्यानं काही होत नाही. इन्सुलिन मी दिलं. ती डबी तीन दिवस ओरडून सांगत होती, आणि मी तिच्या तोंडाला पट्टी लावली. बोट साबणानं धुऊन टोचायचं, हे नर्सिंगच्या पोरीलाही माहीत असतं. मला सव्वीस वर्षांची घमेंड होती. चूक माझी आहे. सर, तसं लिहा."

"सिस्टर—"

"लिहा म्हणते ना."

काकू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता थोबाडीत देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"उठतील ना पण?" त्या म्हणाल्या.

"माहीत नाही, काकू."

रविवारी भूल बंद केली. फुप्फुसं सुधारत होती, ताप उतरला होता, आता आप्पांनी डोळे उघडायचे तेवढे बाकी होते. सोमवारपर्यंत उठायला हवं होतं. सोमवारी सरांनी त्यांच्या कानाशी वाकून सगळा मजला दणाणेल असं विचारलं, "आप्पा, डोळे उघडा! आप्पा, माझा हात दाबा!" काही नाही. छातीवर चिमटा काढला. हात थोडा हलला, बस्स. स्कॅन केला, त्यात काही वाईट दिसलं नाही. पण स्कॅनमध्ये सगळं दिसतं असंही नाही.

मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि काय काय म्हणाले, ते मी ऐकलंच नाही. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. दर तासाला मी आप्पांजवळ जायची. "आप्पा, मी अवघडे सिस्टर. ऐकू येतंय का?" एकटी असले की म्हणायची, "आप्पा, उठा हो. शिव्या घाला मला, पण उठा." बोट टोचायच्या आधी साबणानं धुवायची, कोरडं करायची, मग डबीकडे बघायची. डबी शहाण्यासारखी दीडशे दाखवायची.

काकू दोन्ही दिवस अकराला आल्या, रिकाम्या हातानं. नवऱ्यापासून वीतभर लांब बसायच्या, दोन्ही हात मांडीत दाबून. आपला हात लागला तर आणखी काही होईल, अशी भीती घेतलेल्या.

"दुकान?" मी सोमवारी विचारलं.

"बंद हाय शनवारपास्नं. हात न्हाई लागला तर माल कसा विकायचा?"

"गिऱ्हाइकं?"

"शिव्या घालून जात्यात."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या पेढा आणा."

"नको, बाई!"

"आणा म्हणते. हात मी धुईन नंतर. माझ्या देखत लावा, माझ्या देखत धुऊ."

"सिस्टर, तुम्हीच...?" मागून शेजवलकर सर म्हणाले.

"सर, तुम्ही दोन दिवस हात दाबा, हात दाबा म्हणताय. दाबला का त्यांनी? मग बाईंना लावू दे. फक्त तो पेढा परत कढईत जाणार नाही, एवढं मी बघते. लांबून दाखवायचा मालाला."



मंगळवारी काकू आल्या. भट्टी तीन दिवसांनी पेटवलेली. पदराच्या गाठीत एक पेढा, अजून कोमट. मी एका हातात साबणाचं भांडं, दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन खाटेशी उभी राहिले, लग्नात पाय धुवायला उभ्या राहतात तशी. सर पायथ्याशी. सावित्रा मावशी पोछा घेऊन दारात, एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसत.

काकूंनी आप्पांचा हात घेतला. पेढा चिमटीत ठेवला. पदर ओढला नाही आणि मीही पाठ फिरवली नाही. काकूंनी डोळे मिटले, पुटपुटल्या, आणि नेहमीसारखी ती बोटं आपल्या हातानं दाबायला गेल्या.

"थांबा," मी म्हणाले.

अंगठा हलला होता.

मला भास वाटला. सरांकडे पाहिलं, तेही वाकले होते. अंगठा पुन्हा हलला. पेढ्यावरून एकदा फिरला, सावकाश. पेढ्याची एक कड मोडली. मग अंगठा आणि पहिलं बोट त्या मोडलेल्या कडेवर आले, आणि तो चुरा चिमटीत घेऊन चोळायला लागले. पुढं, मागं, पुढं, मागं.

"आप्पा," सर ओरडले, "माझा हात दाबा!"

आप्पांनी सरांकडे लक्ष दिलं नाही. बोटं थांबली. कपाळावर आठ्या पडल्या, एक, दोन, तीन. डोळे अजून मिटलेलेच. पुन्हा एकदा चोळून पाहिलं, खात्री करून घ्यावी तसं. आणि मग त्यांनी मनगटानं तो पेढा ढकलला. असा ढकलला की तो चादरीवरून गडगडत खाली फरशीवर पडला.

काकूंनी आप्पांच्या पंजावर उरलेला चुरा उचलला. आपल्या चिमटीत चोळला. जिभेवर ठेवला.

"कच्चाय," त्या म्हणाल्या. "खवा कच्चा राहिलाय! तीन दिवसांनी भट्टी लावली आणि मेल्यानं घाई केली!"

मग काकूंना कळलं, की आपण काय म्हणालो. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आप्पांच्या पापण्या हलत होत्या, एक अर्धी उघडली होती, आणि तिच्यातून ते बायकोकडे बघत होते. चांगले रागावून.

आयसीयूत मोबाइल चालत नाही. मी स्वतः लोकांच्या हातातून हिसकावून घेतलेत. काकूंनी माझ्यासमोर कमरेचा मोबाइल काढला, आणि मी साबणाचं भांडं तसंच धरून रडत होते.

"हॅलो! कोण, बसू? कढई उतर! उतर म्हणते ना, एकबी पेढा विकायचा न्हाई! मालकांनी घाणा परत पाठवलाय!"